आधी सम्पमधली पातळी, मग स्किमरचा नॉब

गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळू लागला की गुळव्या झारा घेऊन उभा राहतो आणि वर येणारी मळी सतत काढत राहतो. ती वेळेवर निघाली नाही तर गूळ काळपट उतरतो. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत प्रोटीन स्किमर साधारण हेच काम करतो. इथे मळ वर आणण्याचे काम उष्णतेऐवजी हवेचे बुडबुडे करतात आणि झारा घेऊन कोणी उभे नसते, म्हणून मळ किती उंचीवरून स्किमरच्या वरच्या कपात पडावा हे आपल्याला आधीच ठरवून द्यावे लागते. हे ठरवणे म्हणजेच स्किमर लावणे, किंवा आपल्या बोलण्यात रुळलेल्या शब्दात सांगायचे तर स्किमर ‘ट्यून’ करणे. कप भरतच नाही, कप रात्रीत ओसंडतो, टाकीत बारीक बुडबुडे येतात, अशा नवख्यांच्या ज्या तक्रारी नेहमी ऐकू येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ सम्पमधल्या, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीतल्या, पाण्याच्या बदलत्या पातळीत असते, असे माझे ठाम मत झाले आहे. पातळी स्थिर नसताना नॉब फिरवत राहणे म्हणजे हलत्या तराजूवर वजन करणे होय.

या लेखात साधारण २०० लिटरची, फक्त मासे असलेली टाकी, तिच्या खालच्या कपाटात काचेचा सम्प आणि त्या सम्पात उभा असलेला सुईचाकी पंपाचा स्किमर असे उदाहरण गृहीत धरले आहे. (प्रवाळांच्या टाकीलाही हीच रीत लागू पडते, मात्र भारतात खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत, हे नवख्याने खरेदीपूर्वी ध्यानात ठेवावे.)

बुडबुडा मळ कसा उचलतो

माशांची विष्ठा, न खाल्लेले खाद्य, माशांच्या अंगावरचा चिकट स्राव आणि शेवाळातून पाझरणारी द्रव्ये यांमुळे पाण्यात विरघळलेला सेंद्रिय मळ साठत जातो. या मळातील अनेक रेणूंचे एक टोक पाण्याशी जमवून घेते आणि दुसरे टोक पाण्यापासून दूर राहू पाहते. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर अशा रेणूची दोन्ही टोके समाधानी राहतात, म्हणून तो बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि बुडबुड्यासोबत वर जातो. बुडबुडे जितके बारीक आणि जितके जास्त वेळ पाण्यात फिरतील, तितका मळ अधिक चिकटतो. खाऱ्या पाण्यात क्षारांमुळे बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. गोड्या पाण्यात ते चटकन मिसळतात, आणि म्हणूनच गोल्डफिशच्या घरगुती टाकीला असा स्किमर लावून काही हाती लागत नाही. पावसाळ्यात खवळलेला समुद्र जुहूच्या किंवा कोकणातल्या किनाऱ्यावर जो पिवळट फेस आणून टाकतो, त्यामागेही हीच क्रिया असते. स्किमर ती एका नळकांड्यात घडवून आणतो.

या उपकरणाकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या सुमारास काही स्किमरांची मोजमापे घेतली, तेव्हा पाण्यातील मोजता येणाऱ्या सेंद्रिय कर्बापैकी साधारण २० ते ३० टक्केच स्किमर काढू शकतात असे दिसून आले. उरलेल्याची सोय पाणीबदल, मळ शोषून घेणारा सक्रिय कार्बन आणि जिवाणू यांनाच करावी लागते. कपात आलेला काढा कितीही घट्ट असला, तरी त्याच्या भरवशावर पाणीबदल टाळणे योग्य नाही. त्याचबरोबर स्किमर पाण्यात भरपूर हवा खेळवतो आणि माशांना प्राणवायूचा पुरवठा करतो. दाटीच्या टाकीत कधीकधी हाच त्याचा मोठा उपकार असतो.

उपकरणाचे भाग थोडक्यात असे. तळाशी पंप असतो आणि त्याच्या पंख्यावर सुयांसारखे अनेक काटे असतात, म्हणून या पंख्याला सुईचाकी म्हणतात. पंपाच्या तोंडाशी हवेची नळी जोडलेली असते. पंप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि काटे तिचे बारीक बुडबुडे करतात. पाणी आणि बुडबुडे मधल्या रुंद नळकांड्यात, म्हणजे धडात, चढतात. धड वर निमुळते होत मान बनते, मानेतून फेस चढतो आणि वरच्या कपात सांडतो. मळ उतरलेले पाणी बाहेर जाण्याच्या नळीतून पुन्हा सम्पात येते आणि या नळीवर नॉब, फिरकी किंवा वर-खाली सरकणारी नळी असते. बहुतेक स्किमरांत ही वाट अरुंद केली की धडातील पातळी चढते आणि मोकळी केली की उतरते. आपल्या उपकरणात नॉब कोणत्या दिशेला फिरवला असता काय होते, हे पहिल्याच दिवशी पाहून मार्करने बाण काढून ठेवावा.

विकत घेतानाच आणखी एक गोष्ट तपासावी. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला किंवा जुना वापरलेला स्किमर घेत असाल, तर त्याच्या पंपावरची पट्टी वाचावी. अमेरिकेसाठी बनलेले पंप ६० हर्ट्झचे आणि ११० ते १२० व्होल्टचे असतात, तर आपली वीज ५० हर्ट्झ आणि २३० व्होल्टची आहे. व्होल्टेजची सोय ट्रान्सफॉर्मरने होते, पण हर्ट्झची होत नाही. अशा पंपाचा वेग आपल्याकडे सहात पाच भाग इतकाच राहतो आणि तो ओढत असलेली हवा कमी होते. डीसी पंपाच्या स्किमरांना ही अडचण येत नाही, कारण त्यांचा वेग त्यांचा नियंत्रक ठरवतो.

जागा आणि पातळी

माझी पहिली चूक इथेच झाली, म्हणून या भागावर मी जरा रेंगाळणार आहे. सम्पमध्ये सहसा दोन-तीन कप्पे असतात. टाकीतले पाणी ज्या कप्प्यात उतरते, त्याची पातळी मधल्या काचेच्या उंचीइतकीच राहते, कारण जादा पाणी काचेवरून पुढे वाहून जाते. शेवटच्या कप्प्यात पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप असतो, आणि संपूर्ण टाकीतून जे पाणी वाफ होऊन उडते त्याची घट फक्त या कप्प्यात दिसते. मी स्किमर या शेवटच्या कप्प्यात ठेवला होता, कारण तिथे तो ठाकठीक बसत होता. कप्पा ३० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद होता. मे महिन्यात टाकीवर पंखा लावल्यावर दिवसाला सुमारे तीन लिटर पाणी उडत असे. म्हणजे त्या कप्प्यातील पातळी रोज चार सेंटिमीटरने उतरत होती. फेस खाली जाताना दिसला की मी नॉब थोडा आवळत असे. असे दोन दिवस आवळून झाल्यावर एका रात्री मी सहा लिटर आरओ पाणी ओतून पातळी पूर्ववत केली आणि झोपायला गेलो. सकाळी कपाटाच्या तळाशी घाणेरडे खारे पाणी साचले होते आणि प्लायवुड फुगले होते. स्किमरमध्ये काहीही बिघडले नव्हते.

असे होण्याची कारणे दोन आहेत आणि ती एकाच दिशेने काम करतात. सम्पमधील पातळी चढली की स्किमरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याला अधिक उंच पाण्याशी झगडावे लागते, म्हणून धडातील पातळीही तितकीच चढते. शिवाय पंप अधिक खोल गेल्यामुळे त्याला हवा खाली ओढणे जड जाते, हवा घटते आणि तिची जागा पाणी घेते. यामुळे दोन सेंटिमीटरचा फरकसुद्धा मानेत चांगलाच जाणवतो, आणि पहिल्या पायरीला कोणतीही पळवाट उरत नाही: स्किमर स्थिर पातळीच्या कप्प्यातच ठेवावा.

प्रत्येक उत्पादक आपल्या स्किमरसाठी पाण्याची योग्य खोली सांगतो. ती उपकरणानुसार बदलते, पण घरगुती स्किमरांत बहुधा १५ ते २५ सेंटिमीटरच्या आसपास असते. कप्प्यातील खोली पट्टीने मोजावी. अंदाजाने सांगू नये, कारण काचेतून आणि पाण्यातून पाहताना खोली नेहमी कमी दिसते. पाणी जास्त खोल असेल तर स्किमरखाली बैठक द्यावी. ट्यूबलाइटच्या झाकणासाठी वापरतात तशी प्लास्टिकची चौकटीची जाळी कापून तिचे दोन-तीन थर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी एकत्र बांधले की उत्तम बैठक होते. लोखंडी खिळा, तार किंवा स्क्रू कुठेही वापरू नये. पाणी उथळ असेल तर मधली काच उंच करून घ्यावी लागते, आणि हे काम सम्प बनवून घेतानाच कारागिराला सांगितलेले बरे. स्थिर कप्पाच नसेल, तर पातळी घटताच आपोआप गोडे पाणी घालणारे फ्लोट-स्विचचे साधन बसवावे. अशा वेळी ते चैनीचे राहत नाही.

बैठक पूर्ण आडवी आहे ना, हे लेव्हलच्या बुडबुड्याने पाहावे. स्किमर तिरका असेल तर फेस मानेच्या एकाच बाजूने चढतो आणि कपात पातळ पाणी सांडते.

धुणे, सुरू करणे आणि वाट पाहणे

नव्या स्किमरच्या प्लास्टिकवर कारखान्यातील तेलकट अंश आणि सांधे जोडताना वापरलेल्या द्रव्यांचे थर राहतात. किराणा दुकानात मिळणारे पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात बादलीत घेऊन त्यात स्किमर तासभर चालवावा आणि नंतर साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवावा. भांड्यांचा साबण, लिक्विड किंवा डिटर्जंट त्याच्या जवळपासही आणू नये. साबणाचा अंश राहिला तर फेस आठवडाभर आवरता येत नाही, आणि माशांच्या कल्ल्यांनाही तो बाधतो.

पहिल्यांदा सुरू करताना बाहेर जाणारी वाट पूर्ण मोकळी ठेवावी, म्हणजे धडातील पातळी शक्य तितकी खाली राहील. हवेच्या नळीवर झडप असेल तर तीही पूर्ण उघडी ठेवावी. काही जण पाण्याचा नॉब आणि हवेची झडप दोन्ही एकदम फिरवतात आणि मग कशामुळे काय झाले हे त्यांना कधीच कळत नाही. सुईचाकी स्किमरांत हवा बहुधा पूर्ण सोडलेलीच चांगली. नियंत्रण पाण्याच्या पातळीने करावे.

यानंतरचे तीन दिवस ते दोन आठवडे नव्या स्किमरचे ‘रुळण्याचे’ दिवस असतात. या काळात दोनपैकी एक दृश्य दिसते. काही स्किमर वेड्यासारखा पांढरा, पाणीदार फेस वर फेकतात. काहींमध्ये फेस मानेपर्यंत पोहोचतच नाही. दोन्ही दृश्ये स्वाभाविक आहेत. प्लास्टिकच्या पृष्ठभागावर सेंद्रिय थर चढेपर्यंत फेसाला पकड मिळत नाही. पहिल्या प्रकारात कपाच्या तळाची निचरा-नळी उघडी ठेवून पाणी पुन्हा सम्पात पडू द्यावे. दुसऱ्या प्रकारात नॉब आवळण्याचा मोह आवरावा. टाकी नुकतीच भरलेली असेल, तिच्यात मासे नसतील आणि फक्त जिवाणू वाढत असतील, तर स्किमरला काढण्यासारखे पाण्यात काही नसतेच. अशा टाकीत कप कोरडा राहणे हे पाणी स्वच्छ असल्याचे लक्षण आहे. मी पहिल्या आठवड्यात नॉबवर चिकटपट्टी लावून ठेवतो. ही कल्पना हास्यास्पद वाटेल, पण हात थांबतो.

प्रत्यक्ष ट्यूनिंग

रुळण्याचे दिवस संपले याची खूण सोपी आहे: फेसाची उंची दिवसभरात जवळजवळ एकाच जागी राहू लागते. आता धडाकडे नीट पाहावे. खालचा भाग दुधासारखा पांढरा दिसतो, कारण त्यात पाणी आणि बारीक बुडबुडे मिसळलेले असतात. त्याच्या वर एका ठिकाणी दुधाळपणा संपून वेगवेगळे, मोठे, कोन असलेले बुडबुडे दिसू लागतात. या सीमारेषेवरच सारे काम अवलंबून असते. ती रेषा मानेच्या बुडाशी, म्हणजे धड निमुळते होऊन सरळ नळी सुरू होते तिथे, आणून ठेवणे हे पहिले उद्दिष्ट मानावे.

रेषा त्याहून खाली असेल तर बाहेरची वाट अगदी थोडी, फिरकीचा पाव आटा इतकीच, आवळावी. नंतर किमान बारा तास, शक्यतो पूर्ण एक दिवस, काहीही बदलू नये. पाण्याची पातळी काही मिनिटांत स्थिर होते हे खरे, पण फेसाला मळ साठवून कपापर्यंत चढायला वेळ लागतो, आणि माशांना खाद्य दिल्यानंतरचे तास तसेच रात्रीचे तास वेगळे वागतात. एका दिवसाच्या चक्रातून गेल्याशिवाय केलेला बदल बरोबर की चूक हे कळत नाही. रेषा योग्य जागी आली की मानेवर बाहेरून मार्करने खूण करावी आणि नॉबच्या स्थानाचीही खूण करावी. सफाई करताना नॉब हललाच, तर या दोन खुणांमुळे पाच मिनिटांत परत पूर्वस्थितीवर येता येते.

त्यानंतर कप वाचायला शिकावे. कपात येणारे पाणी फिक्या कोऱ्या चहासारखे असेल आणि कप दिवसभरात भरत असेल, तर स्किमर ‘ओला’ चालला आहे. द्रव गडद तपकिरी किंवा हिरवट काळा, उग्र वासाचा आणि थोडाच असेल, तर तो ‘कोरडा’ चालला आहे. दोन्हींपैकी एकच बरोबर असे काही नाही. ओल्या पद्धतीत एकूण मळ जास्त निघतो, पण त्यासोबत खारे पाणीही जाते. कोरड्या पद्धतीत पाणी वाचते, पण मानेवर चिकट थर लवकर जमतो आणि थोडा मळ पुन्हा खाली धुवून जातो. रंग दुधाशिवायच्या कडक चहाइतका असावा, असा मध्यम मार्ग मी नवख्यांना सुचवतो. दाट मासे असलेल्या किंवा भरपूर गोठवलेले खाद्य दिल्या जाणाऱ्या टाकीत तो थोडा ओला चालवावा.

ओल्या पद्धतीचा एक धोका कपात दिसत नाही, तो क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये दिसतो. समजा २०० लिटर पाण्याची क्षारता हजारी ३५ भाग आहे आणि ओला स्किमर रोज एक लिटर बाहेर टाकतो. त्या लिटरसोबत मीठ बाहेर जाते, पण आपोआप पाणी घालणारे साधन त्याची भरपाई गोड्या पाण्याने करते. दहा दिवसांत क्षारता ३५ वरून सुमारे ३३.३ वर येते, आणि हे आपल्या नकळत घडते. म्हणून कप रिकामा करताना तो किती भरला होता हे पाहावे, आठवड्यातून एकदा क्षारता मोजावी आणि गेलेल्या पाण्याइतके खारे पाणी पाणीबदलाच्या वेळी भरून काढावे. वाफ झालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने आणि स्किमरने काढलेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या पाण्याने, हा हिशेब वेगळा ठेवला की गोंधळ होत नाही.

फेस अचानक बदलला तर

नीट लागलेला स्किमर एखाद्या दिवशी फेस करणेच थांबवतो, आणि इथेच लोक नॉब फिरवून सगळे बिघडवतात. आधी काल काय झाले ते आठवावे. खाद्यातील तेल फेसाला मारते. तेलकट गोठवलेले खाद्य दिल्यानंतर काही तास कप शांत राहतो आणि नंतर आपोआप चालू होतो. डोक्याला खोबरेल लावून, न धुतलेल्या हातांनी टाकीत हात घातला तरी तेच घडते. हातावरचे क्रीम किंवा लोशनही तसेच. अशा वेळी नॉबला हात न लावता सहा ते बारा तास थांबावे.

उलट काही गोष्टींमुळे फेस उसळतो आणि कप ओसंडतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवणारी काही द्रव्ये, विशेषतः माशांच्या त्वचेवर थर देणारी, या बाबतीत बदनाम आहेत. लाल चिकट सायनोबॅक्टेरियावरील औषधे, दगड चिकटवण्याची दोन भागांची पुट्टी आणि काही जिवाणूंची द्रावणे यांनीही फेस उसळतो. असे काही टाकीत घालायचे असेल तर आधीच कप काढून ठेवावा आणि पंप चालू ठेवावा. मळ निघणार नाही, पण हवा खेळती राहील आणि माशांना प्राणवायू मिळेल. औषधाचा काळ संपला की कार्बन वापरून आणि पाणीबदल करून मगच कप परत बसवावा. बसवताना वाट पूर्ण मोकळी करून पुन्हा हळूहळू खुणेपर्यंत यावे.

टाकीत बारीक बुडबुडे येत असतील तर स्किमरच्या बाहेर पडणाऱ्या तोंडाखाली जाड स्पंजचा तुकडा ठेवावा किंवा पुढच्या कप्प्यापूर्वी उलटसुलट लावलेल्या काचांमधून पाणी जाऊ द्यावे. नव्या स्किमरचे बुडबुडे रुळण्याच्या काळानंतर पुष्कळ कमी होतात. स्पंज लावला तर तो दोन-तीन दिवसांनी धुवावा, नाहीतर तोच नायट्रेट वाढवतो.

वीज, हवा आणि सफाई

वीज गेली की रिटर्न पंप थांबतो, टाकीतले पाणी सम्पात उतरते आणि सर्व कप्प्यांची पातळी चढते. वीज परत आली की रिटर्न पंप ते पाणी वर उचलायला वेळ घेतो, पण स्किमर मात्र त्याच क्षणी भरलेल्या सम्पात सुरू होतो आणि कप ओसंडतो. पुण्यात अनेक भागांत गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, त्यामुळे हा अनुभव तिथल्या शौकिनांना नित्याचा आहे. यावर उपाय म्हणजे स्किमरच्या प्लगला पाच ते दहा मिनिटांचा विलंब देणारा टाइमर लावणे. इन्व्हर्टरवर दोन्ही पंप चालत असतील तर प्रश्नच येत नाही. फक्त एकच चालवता येत असेल तर रिटर्न पंपाला प्राधान्य द्यावे आणि स्किमर बंद ठेवावा. उलट केले, म्हणजे रिटर्न बंद आणि स्किमर चालू ठेवला, तर ओसंडणे ठरलेले.

स्किमर खोलीतली हवा भसाभस ओढतो, हे फार कमी जण लक्षात घेतात. डासांसाठीच्या द्रवाच्या यंत्रांत, कॉइलमध्ये आणि फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके असतात आणि माशांना ती अत्यंत विषारी असतात. ज्या खोलीत टाकी आहे तिथे ही साधने वापरूच नयेत. घराला रंग देण्याचे काम, झुरळांची फवारणी किंवा पॉलिश चालू असेल तर हवेची नळी लांब करून खिडकीबाहेर न्यावी, किंवा त्या दिवसांपुरता स्किमर बंद करून पाणी हलवणारा पंप चालू ठेवावा. नळी खिडकीबाहेर नेण्याचा आणखी एक लाभ आहे. एसी लावून बंद केलेल्या खोलीत माणसांच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो, स्किमर तीच हवा पाण्यात मिसळतो आणि टाकीचा पीएच उतरतो. बाहेरची हवा मिळाली की पीएच पुष्कळदा आपोआप सुधारतो, आणि पीएच वाढवण्याच्या बाटल्यांवरचा खर्च वाचतो. नळी लांब केल्यावर ती मूळ नळीपेक्षा बारीक नसावी, नाहीतर हवा घटून धडातील पातळी चढेल आणि ट्यूनिंग पुन्हा करावे लागेल.

सफाईचा क्रम सोपा आहे. मानेच्या आतला चिकट थर दर दोन-तीन दिवसांनी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढावा, कारण मान घाण झाली की फेस तिच्यावर टिकत नाही. पुष्कळदा ‘स्किमर मंदावला’ असे वाटते, तेव्हा फक्त मान धुण्याची गरज असते. हवेच्या नळीच्या पंपाकडील टोकाशी मिठाचे खडे जमतात आणि हवा अडते. आठवड्यातून एकदा पंप बंद करून नळी काढावी आणि तिच्यात कोमट आरओ पाणी सोडावे. दर तीन महिन्यांनी पंप उघडून सुईचाकी व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवावी. तिच्यावर बसलेला चुन्याचा थर विरघळतो. पंपाचा आवाज वाढला किंवा बुडबुडे मोठे झाले, तर तीन महिने पूर्ण होण्याची वाट पाहू नये. पंप पुन्हा बसवल्यावर एक-दोन दिवस फेस कमी राहील, तेव्हा नॉब मार्करच्या खुणेवरच ठेवावा.

गणपतीला पाच-सात दिवस गावी जाताना स्किमरची वेगळी तयारी करावी लागते. निघण्यापूर्वी तीन दिवस आधी तो थोडा कोरडा करून ठेवावा, म्हणजे बदलाचा परिणाम आपल्या डोळ्यांसमोर स्थिर होईल. कपाच्या निचरा-नळीला जोडलेला कॅन आपण नसतानाच्या काळात पुरेल इतका मोठा असावा आणि त्याच्या झाकणाला हवेसाठी छिद्र असावे, नाहीतर आत हवा कोंडते आणि कप रिकामा होत नाही. कॅन प्लास्टिकच्या टबात ठेवावा. शेजाऱ्यांना खाद्य घालायला सांगणार असाल, तर सात छोट्या पुड्यांत रोजचे खाद्य बांधून द्यावे, कॅन किती भरला आहे तेवढे फोनवर कळवायला सांगावे, आणि नॉबवरची चिकटपट्टी निघताना पुन्हा लावून जावी.